साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन टोकियोला जावं का? – माझं उत्तर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की नवऱ्याला तीन वर्षांसाठी टोकियोला जायचंय, मुलगी साडेतीनची, ती तिकडे बावरेल का, मराठी विसरेल का, आणि नवऱ्याने आधी एकट्यानेच जावं का. आम्ही 2013 ते 2018 टोकियोतल्याच निशी-कासाई भागात होतो, गेलो तेव्हा लेक तीनची होती, म्हणून जरा लांबण लावतेय.

न्या हो, सगळे एकदमच जा. भाषेची काळजी तर सोडूनच द्या. पहिले दोन महिने आमची पोरगी योचिएनमध्ये (म्हणजे तिकडची बालवाडी) तोंडातून शब्द काढत नव्हती, मी रोज घरी येऊन रडायचे, आणि मग एक दिवस पावसात घरी येताना म्हणते, "आई, माझी कुत्सू ओली झाली." कुत्सू म्हणजे बूट. क्रियापद शेवटी, शब्दाला मागे प्रत्यय, ही ठेवण जपानीत आपल्यासारखीच, त्यामुळे पोरं मराठी वाक्यात जपानी शब्द बिनधास्त कोंबतात. मी ओरडायचे नाही, नुसतं "हो का, बूट ओले झाले?" म्हणायचे. एवढं पुरतं.

आता कामाचं. दोघं नोकरी करत असाल तर होइकुएन म्हणजे पाळणाघर, आई घरी असेल तर योचिएन, ते दुपारी दोनच्या सुमारास सुटतं. डिपेंडंट व्हिसावर (म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळतो तो) वेगळी परवानगी काढून आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येतं. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि फॉर्म आदल्या वर्षी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचे असतात, हे उशिरा कळलं तर बसा हातावर हात ठेवून. 2019 च्या ऑक्टोबरपासून तीन ते पाच वर्षांच्या मुलांची फी बऱ्यापैकी माफ झालीय, आम्ही मात्र भरभरून भरली. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी सांगा की मासे पण नाही आणि दाशी पण नाही, कारण दाशी म्हणजे बहुतेक वेळा माशाचा अर्क आणि तो सूपमध्ये, भाजीत, कशातही असतो. आम्ही डबाच द्यायचो, पोळीचा रोल आणि काकडी.

आणि नावं! प्रत्येक मोज्यावर, रुमालावर, खडूवर मुलीचं नाव. पुढे पहिलीत गेली तेव्हा गणिताच्या पेटीतल्या एकेका काडीवर नावाची चिठ्ठी लावत रात्री एकपर्यंत बसलो होतो, नवरा म्हणाला ऑफिसचा रिलीज बरा.

पण खरी गोष्ट कुणी सांगत नाही. जाणं सोपं आहे, परत येणं जड जातं. आम्ही पुण्यात आलो तेव्हा ती आठ वर्षांची. पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात बूट काढून उभी, तिकडच्यासारखे आत घालायचे वेगळे बूट कुठे ठेवलेत म्हणून शोधतेय, मुलं हसली. शाळा सुटल्यावर फडकं मागितलं, कारण तिकडे वर्ग मुलंच पुसतात. एकदा रस्त्यावरून डंपर गेला आणि घर जरा हादरलं तर बाईसाहेब पटकन टेबलाखाली, भूकंपाची प्रॅक्टिस महिन्या-महिन्याला केलेली ना, आजोबांना वाटलं लपाछपी खेळतेय. आम्हाला हसू यायचं, तिला नाही. मराठी बोलायची फर्डी पण वाचायला शून्य, आणि वर्गातली मुलं धडेच्या धडे वाचत होती. ती चूक सर्वस्वी माझी, वेळ आहे म्हणत राहिले. तुम्ही पाच पूर्ण झाले की रोज दहा मिनिटं देवनागरी बसवा, बाकी काही नाही केलं तरी चालेल. आणि जमलं तर उन्हाळ्यात आजीकडे पाठवा, तिकडची सुट्टी साधारण जुलैच्या विसेक तारखेला लागते, म्हणजे भर पावसाळ्यात, पण तेव्हा इथल्या शाळा चालू असतात, कुणी ओळखीचं असेल तर चार दिवस वर्गात बसू देतात.

जपानी किती टिकलं म्हणाल तर दीड वर्षात पार धुऊन गेलं. परवा कपाट आवरताना योचिएनची हजेरीची वही सापडली, रोज आलं की तारखेवर स्टिकर चिकटवायचे तिथे. वर बाईंनी जपानीत तिचं नाव लिहिलंय. तिला ते वाचता आलं नाही. मला कसंसंच झालं, ती मात्र पावसाळ्याच्या महिन्यातले गोगलगायींचे स्टिकर मोजत बसली.