आधी सदाफुली काढ

जलरंगात फुलांची छोटी चित्रं काढायला शिकताना जास्वंदीपासून सुरुवात करू नकोस, एवढं माझं नक्की ऐक. सकाळी उमललेली जास्वंद संध्याकाळी मिटते आणि नवख्या हाताला तेवढा वेळ पुरत नाही. कुंडीतली सदाफुली घे. तिच्या पाच पाकळ्या भोवऱ्यासारख्या एकाच दिशेने कलतात, प्रत्येकीची एक कड शेजारणीखाली जाते. ही कड भिंगातून नीट बघ आणि मगच पेन्सिल उचल. ती चुकली की फूल कागदी दिसतं.

चित्र दोन-तीन इंचांचंच ठेव. कागद मात्र ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि गुळगुळीत हॉट प्रेसच हवा. खरखरीत कागदावर बारीक रेघ फुटते. ब्रशच्या बाबतीत सगळे ट्रिपल झिरोकडे, म्हणजे अगदी बारीक ब्रशकडे धावतात. मला ते पटत नाही. त्यात रंग मावतो किती? नाशिकच्या एप्रिलमध्ये तो कागदाला टेकेपर्यंत सुकतो. चांगल्या टोकाचा दोन नंबर घे, बारीक शिरासुद्धा त्यानेच निघतात.

पानांसाठी ट्यूबमधला तयार हिरवा नको. निळ्या अल्ट्रामरीनमध्ये लेमन यलो मिसळ, वर चिमूटभर तांबूस-तपकिरी बर्न्ट सिएना. झगमगाट उतरतो आणि पान खरं वाटतं. सदाफुलीच्या पानाची मधली शीर फिकट असते. तिथे पांढरा रंग लावू नकोस, कागदच मोकळा सोड.

पहिला हात अगदी पातळ दे, पूर्ण वाळू दे. मग ब्रश टिश्यूवर टिपून, जवळजवळ कोरडाच, शिरेच्या दिशेने बारीक रेघा ओढत सावली चढव. पहिलं पान झालं की मला फोटो पाठव, उजेडात काढलेला.