वायमारच्या कांदाबाजाराला शाकाहारी विद्यार्थिनीनं जावं का?

तुम्ही विचारलंय, की ऑक्टोबरात जर्मनीतल्या वायमारला शिकायला पोहोचताच तिथला कांदाबाजार भरतोय. आपण शाकाहारी, जर्मन जेमतेम, ओळखीचं कुणी नाही, तर जाऊन काय मिळणार?

नक्की जा. मी निफाड तालुक्यातली. वायमारला दोन वर्षं शिकले आणि दोन्ही वर्षं गेले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारला धरून, शुक्रवारपासून तीन दिवस हा त्सीबेलमार्क्ट भरतो. त्याची पहिली नोंद १६५३ सालची. तेव्हा तो गुरांचा आणि कांद्याचा बाजार होता. आज सगळं जुनं गावच मांडवांनी भरून जातं. दुपारनंतर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून शनिवारी सकाळी लवकर निघा आणि आधी वेण्यांकडे जा.

वेण्या म्हणजे कांद्याच्या. हेल्डरुंगन भागातले शेतकरी वाळलेल्या पातीसकट कांदे गुंफतात आणि मधेमधे रंगीत सुकी फुलं खोवतात. त्यांच्या 'त्सोप्फ' या जर्मन शब्दाचा अर्थही वेणीच. आमच्याकडे काढणी झाली की पात छाटून कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये जातो, इथे त्याच पातीनं तो टांगायचा. पण हेतू एकच, कांद्याला चारी बाजूंनी वारा लागावा. हे लक्षात आलं तेव्हा मी त्या मांडवापुढून हलेचना. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विकणाऱ्या आजींना सांगितलं, की आमच्याही घरी कांदाच पिकतो. मग त्यांनी किती प्रश्न विचारले! पाऊस कधी पडतो, साठवता कशात, सडतो किती. मी मोबाइलवर चाळीचे फोटो दाखवले. वर्गात तोंड न उघडणारी मी तिथे अर्धा तास बोलले. तुम्ही कांद्याच्या गावच्या नसाल, पण फोडणीत कांदा तर घालत असाल ना? तेवढा विषय पुरे.

आता खाण्याचं. त्सीबेलकूखन म्हणजे यीस्टच्या जाडसर पोळीवर परतलेला भरपूर कांदा, वर अंडं आणि आंबट साय, वासाला शहाजिऱ्यासारखे दाणे. गरम खाल्लात तर कांद्याचा गोडवा जिभेवर रेंगाळतो. पण त्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, म्हणून 'ओने श्पेक?', म्हणजे 'मांसाशिवाय आहे का?', एवढं विचाराच. अंडं चालत नसेल तर हा पदार्थ सोडून द्या. कांद्याच्या सुपातही मांसाचं पाणी असू शकतं. सोबत लोक फेडरवाइसर पितात, अर्धवट आंबलेली नवी वाइन. ती गोड लागते, पण चढते. बाटलीत ती आंबतच असते, त्यामुळे झाकण घट्ट नसतं. पिशवीत आडवी ठेवू नका.

रोख पैसे जवळ ठेवा. ग्लासासाठी अनामत घेतात. ग्लास परत केला की पैसे परत मिळतात.

आणि एक छोटी वेणी घ्याच. माझी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात खिडकीशी टांगली होती. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली, तर ती म्हणाली, "अगं, कांद्याला फुलं माळलीत!" आणि वडिलांना हाक मारून बोलावून घेतलं.