स्प्लेंडरला कोणतं इंजिन ऑइल टाकावं, आणि किती किलोमीटरला बदलावं?

गाडी जुनी झाली म्हणून १०डब्ल्यू-३० ऐवजी जाड २०डब्ल्यू-५० टाका, असं तुमचा गॅरेजवाला म्हणतोय. गाडी निळा धूर सोडत नसेल आणि ऑइल खात नसेल, तर ऐकू नका. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० आहे ना, तेच टाका.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिन सुरू होण्याशी संबंधित. आपल्याकडच्या हवेत त्याने फारसं अडत नाही. नंतरचा आकडा १०० अंशांना ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. ३० धरून बनवलेल्या इंजिनात ५० ओतलं की इंजिनाला फुकटचा जोर लागतो आणि ॲव्हरेज थोडं पडतं. बुलेटला १५डब्ल्यू-५० लागतं, पण ते इंजिनच वेगळं.

माझ्या मते ब्रँडपेक्षा महत्त्वाची आहे डब्यावरची 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही जपानी मानकाची खूण. मोटरसायकलच्या क्लच प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, गिअरही त्यातच फिरतात. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं बरेचदा असतात, ती क्लचला मारक. मग ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र उचलत नाही. 'एमबी' लिहिलेला डबा स्कूटरचा, कारण ॲक्टिव्हासारख्या गाड्यांचा क्लच ऑइलमध्ये नसतो. घाईत दुकानदार तोच हातात ठेवतो, म्हणून डबा फिरवून वाचा. सिंथेटिक हवंच असं नाही. शंभर सीसीच्या गाडीत साधं मिनरल वेळेवर बदललेलं उत्तम.

वेळेवर म्हणजे कधी? पुस्तिकेतलं अंतर हा बाहेरचा कठडा धरा. रोज सिग्नल, ट्रॅफिक, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर मी ३००० ला बदलतो. जेमतेम लिटरभर ऑइल इंजिन, क्लच आणि गिअर तिन्ही सांभाळतं. गिअरच्या दातांत भरडून ते पातळ होत जातं. नुसतं काळं दिसलं म्हणून बाद ठरत नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. गिअर अडकत पडायला लागले, न्यूट्रल सापडेना, की बदलायची वेळ झाली समजा.

घरी बदलायचं असेल तर इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा, गाडी डबल स्टँडवर लावा, खालचा ड्रेन नट १७ च्या पान्याने सोडा. सगळं निथळू द्या. वायसर दबला असेल तर नवा घाला. नट कसताना पहिलवानकी नको: खालचं कव्हर ॲल्युमिनियमचं, आटे गेले की खर्च ऑइलच्या कितीतरी पट. स्प्लेंडरला ९०० मिलीचा डबा साधारण पुरतो, तरी सगळा एकदम रिकामा करू नका. शेवटचं थोडं राखून इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करून तेवढंच थांबा, मग डिपस्टिक (ऑइल मोजायची झाकणाची काडी) पुसून आटे न फिरवता नुसती टेकवून पाहा. दोन खुणांच्या मध्ये आलं पाहिजे. वरच्या खुणेपुढे भरणंही वाईटच.

गॅरेजमध्ये करत असाल तर सीलबंद डबा समोर फोडायला लावा आणि रिकामा झाल्यावर झाकण तोडून टाका, म्हणजे त्यात भलतंसलतं भरून पुन्हा विकता येणार नाही. घरचं जळकं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजच्या पिंपात द्या, गटारात नको.