रोज नाही, आठवड्यातून एकदाच

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय 46) कोपरांवर, गुडघ्यांवर आणि डोक्यात सोरायसिस आहे. इतके दिवस मेडिकलमधून स्टिरॉइडचं मलम आणून लावायचे. आता पाठभर पसरलं, म्हणून डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या दिल्यात. वाडीतले म्हणतात, हे कॅन्सरचं औषध. तेव्हापासून ते गोळीला हात लावत नाहीत. काय करू? – एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, कॅन्सरमध्ये हे औषध देतात हे खरं, पण तिथले डोस फार मोठे. सोरायसिसला ते कित्येक दशकं कमी मात्रेत दिलं जातंय.

मला खरी काळजी वेगळीच आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांना विचारून एक वार ठरवा आणि तो पाकिटावर ठळक लिहून ठेवा. पाकिटावरचे मिलिग्रॅमही दर खेपेला चिठ्ठीशी ताडून बघा, 2.5 च्या जागी 10 ची गोळी हातात पडू शकते. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी वेगळी. ती सांगितलेल्या दिवशीच द्या.

रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या चुकवू नका. दारू बंद, शिमग्यालाही नाही. पावसाळ्यात ताप आला, तोंड आलं किंवा कोरडा खोकला, धाप लागली, तर त्या आठवड्याची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे आधी सांगा, ‘मेथोट्रेक्सेट चालू आहे.’ कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक त्याच्यासोबत घातक ठरतं. अंगदुखीची गोळीही मनाने नको.

जुनं मलम एकदम सोडू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करत न्या. आणि कुणी ‘मुळापासून बरं करतो’ म्हणून पुड्या दिल्या, तर घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड असलं, तर त्या बंद करताच सोरायसिस अंगभर उसळतो.

कलमांत काम करत असतील तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू दे. जिथे खरचटतं किंवा आंब्याचा चीक भाजतो, तिथेही नवे चट्टे उठतात.

या गोळ्या मानवल्या नाहीत तर प्रकाशोपचार आहे, म्हणजे त्वचेवर अतिनील किरणांचा शेक, पण त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा दवाखान्यात जावं लागतं. देवगडहून ते जड. बायोलॉजिक इंजेक्शनं (प्रतिकारशक्तीतला सोरायसिस भडकवणारा नेमका भाग रोखणारी) चांगली, पण महाग, आणि आधी टीबीची तपासणी लागते.

सकाळी उठल्यावर त्यांची बोटं आखडतात का, टाच दुखते का, तेवढं विचारा. होय म्हणाले तर पुढच्या भेटीत हे डॉक्टरांना आधी सांगा. सोरायसिस सांध्यांत उतरला असेल तर उपचाराला उशीर चालत नाही.