राग किंवा टेन्शन आलं की डोकंच चालत नाही, काय करू? (वय १५)

डोकं चालत नाही यात तुझा दोष कमी, वयाचा जास्त. भावना उसळवणारा मेंदूचा भाग लवकर तयार होतो, त्याला लगाम घालणारा पुढचा भाग मात्र साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून राग टिपेला असताना स्वतःला समजावत बसू नकोस, आधी शरीर शांत कर. ४ आकडे मोजत श्वास आत, ६ ते ८ मोजत बाहेर, असं दोन-तीन मिनिटं. श्वास सोडणं लांबवलं की हृदयाचे ठोके मंदावतात. तोंडावर गार पाण्याचे हबके मारले तरी तसंच होतं (साधं वाटतं, पण करून बघ). त्या वेळी कुणाला मेसेज मात्र पाठवायचा नाही!

मग भावनेला नेमकं नाव दे. ‘मूड खराब आहे’ यापेक्षा ‘मित्रांनी मला वगळलं, अपमान वाटतोय’ असं लिहिलं की तिची धार कमी होते आणि पुढे काय करायचं तेही सुचतं.

झोप ८ ते १० तास हवीच.

आणि स्वतःला इजा करावी, जगूच नये असं वाटलं तर हे उपाय पुरेसे नाहीत. त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग. त्याने मनावर घेतलं नाही तर दुसऱ्याला.