ख्रिस्ती विषयावरचे सिनेमे धर्माशी आणि कथेशी कितपत प्रामाणिक असतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: ख्रिस्ती विषयावरचे सिनेमे खऱ्या धर्माच्या किती जवळ असतात, आणि ख्रिस्ती नसलेल्या माणसाने त्यांतले कोणते पाहावेत. मी वसईचा, कॅथलिक घरातला. असे सिनेमे मी चर्चच्या आवारात पडद्यावर पाहिले, घरी पाहिले, थिएटरात जाऊन पाहिले. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. काही सिनेमांचे शेवटही उघड करावे लागतील, त्याशिवाय मुद्दा मांडता येणार नाही.

बायबलच्या ओळी किती पाळल्या, यावरून सिनेमाचा प्रामाणिकपणा मोजता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधले येशूचं जीवन सांगणारे चार ग्रंथ; त्यांतली माणसं 'नाही' म्हणू शकतात. श्रीमंत तरुण येशूचं बोलणं ऐकून खिन्न होऊन निघून जातो आणि येशू त्याच्या मागे धावत नाही. त्याचा शिष्य पेत्र मी येशूला ओळखत नाही असं तीनदा सांगतो. येशू पुन्हा उठला हे त्याच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, असं दुसरा शिष्य थोमा सरळ सांगतो. आणि अटकेआधी गेथशेमनीच्या बागेत खुद्द येशू हा प्याला माझ्यापासून टळू दे म्हणून विनवतो, तो टळत नाही. ज्या सिनेमातल्या पात्रांना एवढी मोकळीक असते, तो धर्माच्याही जवळ जातो आणि गोष्ट म्हणूनही उभा राहतो. लेखकाने ती मोकळीक आधीच काढून घेतलेली असेल, तर दोन्ही एकदमच कोसळतात.

येशूच्या जीवनावरचा मला सगळ्यात प्रामाणिक वाटणारा सिनेमा एका नास्तिक, मार्क्सवादी माणसाने काढला आहे. इटालियन दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये अस्सीसीला गेला होता. त्याच वेळी पोप तेविसावे जॉन तिथे येणार होते, गर्दीने रस्ते तुंबले, आणि हा खोलीत अडकून पडला. तिथे हाताशी असलेलं शुभवर्तमान त्याने वाचून काढलं. पुढच्या वर्षी त्याच्या एका लघुपटाबद्दल इटलीच्या कोर्टाने त्याला धर्माच्या अवमानासाठी दोषी ठरवलं. आणि १९६४ मध्ये त्याच माणसाने चारांपैकी मत्तयच्या शुभवर्तमानावर सिनेमा आणला, तो पोप जॉन यांच्या स्मृतीला अर्पण करून.

त्यातले संवाद मत्तयचेच आहेत. पासोलिनीने प्रसंग गाळले, काहींचा क्रम बदलला, पण येशूच्या तोंडी स्वतःचं वाक्य घातलं नाही. पॅलेस्टाईनमध्ये जागा शोधून आल्यावर त्याने चित्रीकरण केलं दक्षिण इटलीत, मातेरा गावात आणि आसपास, तिथल्याच गरीब शेतकऱ्यांना घेऊन. येशू झाला एन्रिके इराझोकी हा एकोणीस वर्षांचा स्पॅनिश विद्यार्थी, ज्याने आधी कधी अभिनय केला नव्हता. सुरुवातीचा प्रसंग बघा. येशूची आई मरिया समोर उभी आहे, गरोदर. तिच्याशी लग्न ठरलेला योसेफ तिच्याकडे बघतो आणि काही न बोलता निघून जातो. बराच वेळ फक्त चेहरे. मत्तयने योसेफची घालमेल दोन-तीन वाक्यांत उरकली आहे, ती इथे पहिल्यांदा माणसाची घालमेल वाटते, कारण हा माणूस खरोखरच परत न येण्याची शक्यता आपल्याला दिसते. क्रूसाखालची वयस्क मरिया म्हणजे पासोलिनीची स्वतःची आई सुझान्ना. तिचा धाकटा मुलगा ग्विदो १९४५ मध्ये मारला गेला होता. हे ठाऊक नसलं तरी तिचा आक्रोश खोटा वाटत नाही. व्हॅटिकनच्या 'लोस्सेर्वातोरे रोमानो' या दैनिकाने २०१४ मध्ये येशूवरचा बहुधा सर्वोत्तम सिनेमा म्हणून याच सिनेमाची निवड केली, आणि मला तो निवाडा पूर्ण पटतो.

याच मातेरात मेल गिब्सनने 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट' (२००४) चित्रित केला. आमच्याकडे कित्येक घरांत तो गुड फ्रायडेच्या आसपास लागतो, आणि तो पाहून रडलेल्या माणसांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. पण हाच सिनेमा सगळ्यात खरा, असं जेव्हा लोक म्हणतात तेव्हा मी वाद घालतो. अरामी आणि लॅटिन ऐकून तो अस्सल वाटतो, पण रोमन साम्राज्याच्या त्या भागातला कारभार बहुतेक ग्रीकमध्ये चाले, आणि ग्रीक त्यात नाही. येशूला शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात, त्याची बायको मरियेला कापड आणून देते, साखळदंडातल्या येशूला पुलावरून खाली ढकलतात, हे प्रसंग कुठल्याही शुभवर्तमानात नाहीत. ते अ‍ॅन कॅथरीन एमेरिख या जर्मन जोगिणीच्या (१७७४–१८२४) दृष्टान्तांतून आले आहेत, आणि तिचे दृष्टान्त लिहून काढले ते क्लेमेन्स ब्रेन्टानो या कवीने. फटक्यांबद्दल शुभवर्तमानं एका शब्दावर थांबतात. गिब्सन तिथे मिनिटांमागून मिनिटं थांबतो.

त्याहून मोठी अडचण पिलातची आहे. इतिहासात तो कठोर अधिकारी म्हणून येतो, शेवटी शोमरोनी लोकांवर केलेल्या अत्याचारामुळे त्याला पद सोडून रोमला जावं लागलं. सिनेमात तो विचारी, व्याकूळ माणूस आहे आणि सगळं ओझं यहुदी पुरोहितांवर आणि जमावावर पडतं. जमावाच्या तोंडी असलेल्या 'त्याचं रक्त आमच्यावर' या मत्तयच्या ओळीचा युरोपात शतकानुशतकं यहुद्यांविरुद्ध वापर झाला. टीका झाल्यावर गिब्सनने त्या ओळीचं उपशीर्षक काढलं, अरामी संवाद मात्र ठेवला. शब्द बायबलचे असूनही सिनेमा कसा अन्याय करू शकतो याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

यातना दाखवायच्याच असतील तर कार्ल ड्रायरचा १९२८ चा जोन ऑफ आर्कवरचा मूकपट बघा. तो १४३१ मधल्या रुआँच्या खटल्याच्या नोंदींवर बेतलेला आहे. त्यात जोन घाबरते, माघारीच्या कागदावर सही करते, आणि मग ती सही मागे घेते. जोन झालेल्या फाल्कोनेत्तीचा चेहरा पुरेसा आहे, रक्त लागत नाही. मूळ प्रत जळून गेली असं मानलं जात होतं; १९८१ मध्ये ओस्लोच्या एका मनोरुग्णालयात चांगली प्रत सापडली, म्हणून आपण आज तो पाहू शकतो.

आता अमेरिकेतल्या चर्चच्या वर्तुळातून येणारे सिनेमे. 'गॉड्स नॉट डेड' (२०१४) मध्ये तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक वर्गातल्या मुलांना 'देव मेला आहे' असं लिहून सही करायला सांगतो. एक मुलगा नकार देतो आणि वादात जिंकतो. प्राध्यापक नास्तिक का, तर आई गेली म्हणून त्याचा देवावर राग आहे. शेवटी गाडीची धडक बसून रस्त्यावर मरता मरता तो देवाला शरण जातो. मुस्लिम मुलगी आहे, तिचा बाप तिला मारून घराबाहेर काढतो. पत्रकार बाई देव मानत नाही, तिला कॅन्सर होतो. या सिनेमात ख्रिस्ती नसलेलं प्रत्येक माणूस एकतर दुष्ट आहे नाहीतर दुखावलेलं. विचार करून, शांतपणे 'नाही' म्हणणारं कोणीच नाही. मला ओळखीत असे किती तरी भले लोक आहेत. त्यांना हा सिनेमा दाखवायची मला लाज वाटेल.

जॉर्जियातल्या अल्बनी गावच्या शेरवूड बॅप्टिस्ट चर्चमधून निघालेले केन्ड्रिक बंधूंचे सिनेमे स्वभावाने अधिक प्रेमळ आहेत. 'फायरप्रूफ'मधल्या (२००८) नवरा-बायकोच्या भांडणात काही क्षण खरे आहेत. पण त्यांच्या 'फेसिंग द जायंट्स'मध्ये (२००६) कोच प्रार्थना करतो आणि संघ जिंकतो, नवी गाडी मिळते, मूलही होतं. माझ्या गावात वर्षानुवर्षं नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करणाऱ्या, तरी मूल न झालेल्या बायका आहेत. त्यांची श्रद्धा कमी पडली का? बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथात, चांगला असूनही संकटात सापडलेल्या ईयोबाला त्याचे मित्र नेमकं हेच ऐकवतात, आणि देव त्या मित्रांवर रागावतो. म्हणजे हे सिनेमे फक्त पटकथेत कच्चे नाहीत, धर्मशास्त्रातही कच्चे आहेत.

मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'सायलेन्स'वर (२०१६) मी जास्त बोलणार आहे, आणि त्याला वसईचं कारण आहे. जपानचं मिशन आमच्यापासून दूर नाही. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर जपानला गेले ते गोव्याहून निघाले. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत झाले. आमच्याकडे त्यांच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे. आम्ही लहानाचे मोठे झालो ते जे वाकले नाहीत त्यांच्या गोष्टी ऐकत. जे वाकले त्यांचं पुढे काय झालं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

शुसाकू एन्डोची कादंबरी १९६६ ची, आणि स्कॉर्सेसीने ती जवळजवळ तीन दशकं मनात बाळगली. १६१४ च्या बंदीनंतरचा जपान. जेझुइट या कॅथलिक संघाचे दोन तरुण फादर आपल्या गुरूला, फादर फेरेइराला शोधायला जातात, कारण त्याने धर्म सोडला अशी बातमी आहे. फेरेइरा खरा माणूस होता, १६३३ मध्ये खड्ड्यात उलटं टांगल्यावर तो मोडला. अधिकारी ख्रिस्ताची कोरीव प्रतिमा जमिनीवर ठेवतात आणि तिच्यावर पाय द्यायला सांगतात. त्या दोघांतल्या फादर रॉड्रिग्सने पाय दिला नाही, तर त्याचा छळ होणार नाही, खड्ड्यात टांगलेल्या शेतकऱ्यांचा होईल. शूरपणे मरण्याचा रस्ताच बंद करून टाकलेला आहे.

आणि किचिजिरो. हा माणूस दर वेळी पाय देतो, फादरलाही पकडून देतो, आणि दर वेळी परत येऊन पापनिवेदन करायला मागतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्याचा संताप आला. आता मला वाटतं, पापक्षमेच्या संस्काराचा अर्थ याच्याइतका कोणत्याच पात्राने पडद्यावर आणला नाही: किळस येत असतानाही फादरला हात उचलून क्षमा द्यावी लागते. सिनेमात अधिकारी इनोए आणि दुभाषा हे मूर्ख किंवा राक्षस नाहीत, त्यांचे युक्तिवाद ऐकण्यासारखे आहेत. काही श्रद्धाळू लोकांना हा सिनेमा धर्मत्यागाचं समर्थन वाटला. मला तसं वाटत नाही, पण त्यांची अस्वस्थता मी समजू शकतो, कारण प्रश्न सुटत नाहीच. एक तक्रार मात्र आहे. शेवटी रॉड्रिग्सच्या मृतदेहाच्या मुठीत छोटा क्रूस दिसतो. तो कादंबरीत नाही, स्कॉर्सेसीने घातला. इतका वेळ मौन सांभाळलेल्या सिनेमाने तिथे उत्तर द्यायला नको होतं.

झाव्हिए बोव्वाचा 'ऑफ गॉड्स अँड मेन' (२०१०) याच प्रश्नाकडे शांतपणे जातो. अल्जीरियातल्या तिभिरिन गावचे सात फ्रेंच मठवासी १९९६ मध्ये पळवून नेले गेले आणि मारले गेले. सिनेमाचा बराच भाग ते राहायचं की जायचं याची चर्चा करतात. एक जण उघड सांगतो, मी मरायला इथे आलो नाही. क्रिस्तोफ नावाचा मठवासी रात्री खोलीत देवाला हाका मारतो आणि उत्तर येत नाही. नाताळच्या रात्री बंदूकधारी येतात तेव्हा मठाधिपती त्यांच्या नेत्याला कुराणातली आयत म्हणून दाखवतो, आणि तो माणूस ती पुरी करतो. गावातले मुसलमान मठाचे शेजारी म्हणूनच दिसतात. वर सांगितलेल्या अमेरिकन सिनेमातला तो मुस्लिम बाप आठवून बघा. मठवासींचा मृत्यू पडद्यावर येतच नाही.

भारतातलं सांगायचं तर दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभे राहिले, हे त्यांनी स्वतः 'नवयुग' मासिकात १९१७ मध्ये लिहिलं आहे. पुढे आपल्याकडच्या पौराणिक सिनेमाची तीच रीत 'करुणामयुडू' (१९७८) या तेलुगू सिनेमाने येशूकडे परत नेली. हिंदीत तो 'दयासागर' नावाने खेडोपाडी फिरला. कला म्हणून तो साधा आहे, पण प्रेक्षकाने हात जोडावेत एवढंच तो मागतो आणि त्याबाबत काही लपवत नाही. हिंदी सिनेमातले दारुडे अँथनी आणि फ्रॉकमधल्या मेरी यांच्याबद्दल न बोललेलं बरं. खरं ख्रिस्ती घर मला दिसलं ते मल्याळममध्ये, लिजो जोस पेल्लिसेरीच्या 'ई. मा. याऊ' (२०१८) मध्ये. केरळच्या किनाऱ्यावरचा एक गरीब मुलगा बापाला थाटामाटात पुरायचं वचन देतो. बाप त्याच रात्री जातो, आणि संशयी फादर दफनाला आडवा येतो. शवपेटीचा भाव, बँड, पाऊस, शेजाऱ्यांची कुजबुज, यातलं काहीही आमच्या गावात घडू शकलं असतं.

तुम्ही ख्रिस्ती नाही, तर सुरुवात 'ऑफ गॉड्स अँड मेन'ने करा, त्याला आधीची माहिती लागत नाही. मग 'ई. मा. याऊ'. 'सायलेन्स' दोन तास एक्केचाळीस मिनिटांचा आहे आणि त्यातला छळ पाहणं जड जातं, तो सवडीने आणि शक्यतो एकट्याने पाहा. पासोलिनी पाहण्याआधी मत्तयचं शुभवर्तमान वाचा. २८ अध्याय आहेत, दोन संध्याकाळी होतात. मग त्याने काय ठेवलं आणि काय गाळलं ते तुम्हाला कोणी सांगायची गरज पडणार नाही.