वाचकांचे प्रश्न : सारख्याच उंचीची शिखरे

प्रश्न : मी बडोद्यात जैवरसायनशास्त्रात संशोधन करते. आमच्या सामायिक प्रयोगशाळेतील आयटीसी यंत्र, म्हणजे आयसोथर्मल टायट्रेशन कॅलरीमीटर, मला आठवड्यातून एकच दिवस मिळते. एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने सोडताना होणारी उष्णतेची देवाणघेवाण ते मोजते आणि प्रत्येक थेंबाचे एक शिखर आलेखावर काढते. गेल्या दोन खेपांना पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत सारख्याच उंचीची मोठी शिखरे आली. प्रथिन बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, आहे आणि लिगँडच्या, म्हणजे प्रथिनाला जोडला जाईल असे वाटणाऱ्या रेणूच्या, द्रावणात ५ टक्के डीएमएसओ हा द्रावक आहे. माझे प्रथिन लिगँडला जोडलेच जात नाही, असे समजावे का?
— एक संशोधक विद्यार्थिनी, बडोदे

उत्तर : इतक्यात तसे समजू नका. प्रथिनावरील जागा भरत जातात तशी खऱ्या बंधाची शिखरे लहान होत जातात. आपली शिखरे शेवटपर्यंत खाली येत नाहीत, त्यामुळे ती उष्णता बहुधा बंधाची नसून मिसळण्याची आहे. हे यंत्र नमुन्याची कुपी आणि संदर्भाची कुपी एकाच तापमानाला ठेवण्यासाठी लागणारी वीज मोजते. ती उष्णता कोणाची, हे त्याला कळत नाही. डीएमएसओ असलेला थेंब डीएमएसओ नसलेल्या द्रावणात पडला, की निघणारी उष्णता बंधाच्या उष्णतेला सहज झाकून टाकते.

म्हणून प्रथिनाचे डायलिसिस करून, म्हणजे ते सच्छिद्र पडद्याच्या पिशवीत घालून बफरमध्ये ठेवून, पिशवीबाहेरचे शेवटचे बफर जपून ठेवावे, लिगँड त्यातच तयार करावा आणि प्रथिनाच्या द्रावणातही तेवढेच ५ टक्के डीएमएसओ, शक्यतो त्याच बाटलीतून, घालावे. नंतर तोच लिगँड तेवढेच डीएमएसओ असलेल्या, पण प्रथिन नसलेल्या बफरमध्ये सोडून पाहावा. वेळ वाचवण्यासाठी पुष्कळ जण ही खेप गाळतात. माझ्या मते गाळायचीच असेल तर दुसरी कोणतीही गाळावी.

ही उष्णता वजा केल्यावर काहीच उरले नाही, तर सांद्रता तपासा. प्रथिनाची सांद्रता वियोजन स्थिरांकाच्या (ज्या मुक्त लिगँड सांद्रतेला प्रथिनावरील निम्म्या जागा भरतात, तिच्या) निदान दहापट असली, तर वक्राला नीट आकार येतो. म्हणजे स्थिरांक १ मायक्रोमोलर असल्यास कुपीत सुमारे २० मायक्रोमोलर प्रथिन आणि सिरिंजमध्ये त्याच्या दहापट लिगँड घ्यावा. सांद्रता मोजण्यात चूक झाली, तर ती बंधांच्या संख्येत, म्हणजे एका प्रथिनाला किती लिगँड जोडले जातात त्या आकड्यात, उमटते, आणि एकास एक जोडणाऱ्या प्रथिनाचा आकडा ०.६ आला, की लोक उगाच नवे सिद्धांत मांडू लागतात.

यंत्र सामायिक असल्याने आपल्या आधीच्या व्यक्तीचे प्रथिन कुपीत चिकटलेले असू शकते. धुतल्यानंतर पाण्यात पाणी सोडून पाहा. शिखरे अगदी लहान आणि एकसारखी आली पाहिजेत. शिवाय बडोद्याच्या उन्हाळ्यात बर्फातून काढलेला नमुना थेट कुपीत भरू नका. गार द्रावणात विरघळलेली हवा तापताच बुडबुडे होऊन बाहेर येते आणि आधाररेषा डगमगते.

एवढे करूनही रेषा सपाट राहिली, तर तापमान १५ किंवा ३५ अंशांवर नेऊन पाहा. काही बंधांची एन्थाल्पी, म्हणजे बंध होताना सुटणारी किंवा शोषली जाणारी उष्णता, २५ अंशांच्या आसपास शून्याजवळ असते. तेथे बंध घट्ट असला तरी यंत्राला मोजण्यासारखी उष्णताच मिळत नाही.